पहिलं बाळंतपण माहेरी

सातवा महिना लागला तेव्हा शेडनेटमध्ये ढोबळ्या मिरचीचा तोडा जोरात चालू होता आणि मला एका जागी बसवत नव्हतं. क्रेट भरायला बसले की उठावंसं वाटायचं, उठले की कुठं जायचं ते कळायचं नाही. माझ्या सासूबाईंना घरात सगळेच आत्या म्हणतात, मीही म्हणते. त्या मिरच्या निवडता निवडता माझ्याकडं बघायच्या, पण बोलायच्या नाहीत. मेंढरं विकून शेती धरलेल्या पिढीतल्या त्या. कळपात कुठलं जनावर कधी अस्वस्थ आहे हे त्यांना ओळखू यायचं, मग घरातल्या माणसाचं काय?

एका दुपारी शेजारच्या वस्तीवरल्या दोघीजणी ताक न्यायला आल्या. त्यातली एक मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली की पहिलटकरीण आहे, एव्हाना माहेरी जायला पाहिजे होतं. दुसरीनं लगेच विचारलं, माहेर कुठलं म्हणायचं? मी खाली मान घालून मिरच्यांचे देठ बघत राहिले. आत्या म्हणाल्या, जाईल की, आणि ताकाचा तांब्या त्यांच्या हातात दिला.

मला वाटलं, आत्यांनी वेळ मारून नेली. कारण माझं माहेर म्हणजे बारामतीतलं चर्चनं चालवलेलं बालगृह. चालता येऊ लागलं होतं पण नीट बोलता येत नव्हतं अशा वयात पोलिसांनी मला एसटी स्टँडवरून उचलून तिथं आणलं. कुणी सोडलं, का सोडलं, काही कळलं नाही. डाव्या कानानं मला ऐकू येत नाही, ते तेव्हापासूनच. बालगृहात मूल न्यायला जोडपी यायची, पण त्यांना तान्हं बाळ हवं असायचं. आमच्यासारख्या पळणाऱ्या, पडणाऱ्या, एका कानानं ऐकणाऱ्या पोरींना ती खाऊ देऊन जायची. मी तिथंच वाढले, शिकले. अठरा पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणं बाहेर पडावं लागलं. तेव्हा चर्चच्या पाळकांच्या ओळखीनं कळंबजवळच्या एका रोपवाटिकेत मला काम मिळालं. आत्या तिथं टोमॅटोची रोपं न्यायला यायच्या. दोन हंगाम त्यांनी मला काम करताना बघितलं, आणि तिसऱ्या हंगामात रोपं न्यायला मुलाला पाठवलं.

लग्नात माझ्या बाजूनं चर्चची सगळी मंडळी आली होती. पाळकांनी आणि त्यांच्या पत्नीनं माझा हात दिला. भगिनी मंडळाच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून रांगेनं बसल्या, मांडवात कुणी वधूपक्षाला उणं म्हणू शकलं नाही. पण लग्न एक दिवसाचं असतं. बाळंतपण म्हणजे आधीचे दोन महिने, नंतरचा सव्वा महिना, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, रात्रंदिवस एक हक्काचं माणूस. तेवढं मागायला माझा कुणावर अधिकार नव्हता. मी नवऱ्याला सांगितलं की इथंच होऊ दे. तो म्हणाला, आईशी बोल. मी बोलले नाही.

रविवारी सकाळी आत्या नवं लुगडं नेसून तयार झाल्या आणि मला म्हणाल्या, चल. कुठं, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, तुझ्या देवळात. पिकअपमध्ये मिरचीचे क्रेट होते, त्यांच्यासोबत आम्ही दोघी बारामतीला गेलो. वाटेत मी तीनदा म्हणाले की परत जाऊ. आत्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

उपासना संपल्यावर पाळक नेहमीप्रमाणं म्हणाले की कुणी पाहुणे आले असतील तर त्यांनी ओळख करून द्यावी. आत्या बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावरून उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मी हिची सासू. कळंबची. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी असतंय. लगीन लावताना तुमी समद्यांनी म्हणलं, पोरगी आमची हाय. मग आता लेकीला न्या. मी काय तिला टाकाय आली न्हाय. सव्वा महिन्यानं न्यायला येईन."

एवढं बोलून त्या खाली बसल्या.  मी पायाखालच्या फरशीकडं बघत होते. पोटात बाळ इतकं हलत होतं की बाकाचा कठडा घट्ट धरून बसावं लागलं.

मग व्हरांड्यात चहा घेता घेता चर्चा सुरू झाली. बालगृहात ठेवता येत नाही हे पाळकांच्या पत्नीनं आधीच सांगितलं. तिथं फक्त मुलं राहू शकतात, तपासणीला अधिकारी येतात, नियम कडक आहेत. एका कुटुंबाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दुसरीकडं मुलीची बारावी होती. कुणाचंच म्हणणं खोटं नव्हतं, त्यामुळं जास्तच लाज वाटत होती. मी आत्यांचा हात ओढून म्हणाले की झालं ना, चला आता. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, माझ्याकडं दोन खोल्या आहेत.

त्या आमच्या बाई होत्या. निवृत्त शिक्षिका, विधवा, मूलबाळ नाही. लहानपणी रविवारच्या शाळेत त्या आम्हाला शिकवायच्या. बायबलमधलं वचन पाठ नसलं तर आठवेपर्यंत उभं करायच्या. इतर बायका आम्हा बालगृहातल्या पोरींच्या डोक्यावरून हात फिरवायच्या, बाईंनी कधी फिरवला नाही. मंडळीतल्या सगळ्या घरांतून मी एक घर नको म्हणाले असते तर ते त्यांचं.

आत्यांनी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "मग ठरलं."

पुढच्या आठवड्यात मी पिशवी घेऊन बाईंच्या दारात उभी राहिले. घर स्वच्छ, शांत, भिंतीवर एक क्रूस, एक कॅलेंडर आणि त्यांच्या यजमानांचा फोटो. बाईंनी आतली खोली मला दिली होती. पहाटे उठून त्या नाचणीची खीर करायच्या, वेळेवर गोळ्या द्यायच्या, संध्याकाळी फिरायला न्यायच्या. बोलायच्या कामापुरतं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या नेहमी माझ्या उजव्या बाजूनं यायच्या. चालतानाही जागा बदलून उजवीकडं व्हायच्या. शाळेत तरी हे किती शिक्षकांच्या लक्षात राहिलं होतं?

तरी मला तिथं चैन पडेना. दारापासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून दारापर्यंत मी येरझाऱ्या घालत राहायचे. कळंबला असते तर निदान मिरच्या असत्या, शेरडं असती. इथं भांडं घासायला गेलं तरी बाई हातातून काढून घ्यायच्या. एक नवाच विचार मला छळू लागला होता. पोटातलं बाळ लाथ मारायचं तसं कधीकाळी मीही कुणाच्या तरी पोटात मारली असेल. तिलाही असंच बसवत नसेल. आणि तरी तिनं मला स्टँडवर ठेवलं, आणि ती कुठल्यातरी बसमध्ये बसली. आजवर मी तिच्यावर कधी रागावले नव्हते, कारण ती मला खरी वाटलीच नव्हती. आता ती रोज खरी होत चालली होती.

घरात थांबवत नाही म्हणून मी बालगृहात जाऊ लागले. तिथं एक पाच-सहा महिन्यांची मुलगी होती, गुबगुबीत, हसरी. तिची दत्तकाची कागदपत्रं पूर्ण झाली होती आणि सोलापूरकडचं एक जोडपं तिला न्यायला येणार होतं. कितीतरी वर्षं वाट बघत होतं म्हणे. बालगृहातली मावशी तिला रोज त्यांचा फोटो दाखवून आई, बाबा म्हणून सांगायची. बाई घरी मशीनवर तिच्यासाठी दुपटं शिवत होत्या. मंडळीतल्या बायकांच्या जुन्या मऊ साड्यांचं. बालगृहातून जाणाऱ्या प्रत्येक बाळाला त्या एक दुपटं देतात, हे मला तेव्हा कळलं.

ते जोडपं आलं त्या दिवशी मी तिथंच होते. त्यातली बायको माझ्यापेक्षा बरीच मोठी, चाळिशीची असेल. खुर्चीच्या कडेवर बसली होती, पर्स छातीशी धरून. नवरा सारखा पाणी पीत होता. मावशीनं मुलीला आणून तिच्या मांडीवर ठेवलं. मुलगी तिच्या मंगळसूत्राशी खेळली, मग तोंडाकडं बघितलं आणि मोठ्यानं रडायला लागली. ती बाईही रडायला लागली. तिला वाटलं, आपल्याला बाळ नाकारतंय. पाळकांच्या पत्नी म्हणाल्या की रडू दे, अनोळखी माणसाकडं न रडणाऱ्या मुलाचीच आम्हाला काळजी वाटते. पाळकांनी छोटी प्रार्थना केली. ते जोडपं हिंदू होतं, त्यांनीही हात जोडले आणि जाताना व्हरांड्यातल्या पायरीला वाकून नमस्कार केला. गाडी गेल्यावर मावशी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत बसली. 

मी घरी आले ती अंगात नुसती तगमग घेऊन. दुपारची वेळ होती. बाई ओट्याशी बसून मेथी निवडत होत्या. मी समोर बसले, एक जुडी ओढली आणि पानं खुडता खुडता विचारलं.

"बाई, माझ्यासाठी कधीच कुणी आलं नव्हतं का?"

त्यांचे हात थांबले.

"आलं होतं," त्या म्हणाल्या. "आम्ही."

मग त्यांनी सांगितलं. सांगताना त्या माझ्याकडं नाही, मेथीकडं बघत होत्या. मी तीन-चार वर्षांची होते. बाईंना मूल होत नव्हतं आणि मी त्यांच्या यजमानांना आवडायचे, चर्चच्या अंगणात त्यांच्या सायकलची घंटी वाजवायला धावायचे. दोघांनी पाळकांना विचारलं, वकिलाला विचारलं. त्या काळी आपल्याकडं हिंदू जोडप्याला मूल दत्तक घेता यायचं, ख्रिस्ती जोडप्याला नाही. कोर्ट फक्त पालकत्व द्यायचं. मूल सज्ञान झालं की तेही संपायचं. घरात लेक म्हणून वाढवायची आणि कागदावर परकी ठेवायची, हे त्यांच्या यजमानांना पटेना. कायदा बदलणार असं लोक बोलत होते. थोडं थांबू, असं ठरलं. थांबता थांबता यजमानांच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी पुण्याच्या खेपा सुरू झाल्या आणि त्यातच ते गेले. पुढं कायदा बदललाही. तोवर मी मोठी झाले होते आणि बाई एकट्या पडल्या होत्या.

"तेव्हाही घेता आलं असतं," त्या म्हणाल्या. "माझी हिंमत नाही झाली. आणि मग तुला जवळ घेऊन परत सोडायचं, असं नको म्हणून मी लांबच राहिले."

मला वाईट वाटलं नाही. मला राग आला. सगळे रविवार मी त्यांच्यासमोर उभी होते. वचन आठवत नाही म्हणून उभी. त्यांना सगळं माहीत होतं, आणि मला वाटत राहिलं की मी कुणालाच नको होते.  आत गेले, पिशवी भरली आणि बाहेर पडले. बाईंनी अडवलं नाही. फाटकापर्यंत आल्या, तिथं थांबल्या.

रिक्षा करून स्टँडवर गेले. गाडीला वेळ होता. मी आयुष्यभर या स्टँडवर आले-गेले होते, पण कधी बसले नव्हते, उभीच राहायचे. त्या दिवशी पाय इतके सुजले होते की बाकावर बसावंच लागलं. माणसं येत होती, जात होती, फलाटावर गाड्या लागत होत्या. शेजारी बसलेल्या एका बाईनं तिचं मूल माझ्याकडं देऊन विचारलं, जरा बघता का, पाण्याची बाटली घेऊन येते. मी हो म्हणाले. ती येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. ती आली तेव्हा मी मूल तिच्या हातात जवळजवळ कोंबलंच. तिला काही कळलं नाही. ती आभार मानून गेली.

कळंबला उतरले तेव्हा नवरा घाबरून समोर आला. आत्या म्हणाल्या, "आलीस व्हय. हातपाय धू, भाकरी गरम हाय."  जेवल्यावर मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं आत्या बाईंना नावं ठेवतील.  पण त्या म्हणाल्या की त्या बाईनं न सांगता दडपलं असतं तर तुला कुठं कळणार होतं? एवढंच बोलल्या आणि शेरडांना चारा टाकायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बाई आल्या. रस्त्यापासून आमच्या वस्तीपर्यंत उन्हातून चालत आल्या होत्या, चपलांना, साडीच्या काठाला माती. आत्यांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, पाहुणीसारखं बाजेवर बसवलं. मी दारात उभी होते. बाई उठून माझ्या उजव्या बाजूला आल्या.

"न्यायला आले आहे. यायचं नसेल तर तसं सांग, मी जाईन. पण मी मंडळीत हो म्हणाले होते. एकदा मनात हो म्हणून सोडलं, दुसऱ्यांदा सोडायचं नाही."

मी लगेच हो म्हणाले नाही. खरं तर राग गेलाच नव्हता. पण त्यांना परत पाठवणंही माझ्याच्यानं होईना. दुपारी आत्यांनी दोघींना जेवायला वाढलं, बाईंच्या पिशवीत मिरच्या आणि दोडकी भरली, आणि नवऱ्यानं आम्हाला बारामतीला सोडलं. 

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. मी चिडचिड करायचे, खीर नको म्हणायचे, त्या वाटी झाकून ठेवून जायच्या. कधी मी मुद्दाम त्यांच्या यजमानांबद्दल विचारायचे. त्या सांगायच्या. सायकल कुठली होती, ते गाणं कसं म्हणायचे, मला ते कुठल्या नावानं हाक मारायचे. ते नाव मी कुणाला सांगत नाही.

कळा सकाळी सुरू झाल्या. दवाखान्यात नर्सनं बाईंना विचारलं की तुम्ही पेशंटच्या कोण. 

"मी माहेरची," त्या म्हणाल्या.

नर्सनं आई असं समजून त्यांना आत घेतलं. माझा हात बाईंच्या हातात होता आणि त्यांचा तळवा माझ्यापेक्षा जास्त घामेजला होता. उन्हं कलायच्या आत मुलगी झाली. तिला पुसून माझ्याजवळ ठेवली तेव्हा मी पहिलं काय केलं असेल तर तिच्या दोन्ही कानांपाशी चुटकी वाजवली. ती दोन्हीकडून दचकली. नर्स म्हणाली असं काही करू नका, पण मला राहवलं नाही.

आत्या संध्याकाळपर्यंत पोचल्या. नातीला मांडीवर घेऊन त्यांनी आधी तिचे पाय बघितले, मग मला म्हणाल्या, कसं हाय? मी म्हणाले, बरं आहे. मग त्या आणि बाई व्हरांड्यात बसून कितीतरी वेळ बोलत होत्या. काय बोलल्या ते दोघींनीही मला कधी सांगितलं नाही.

सव्वा महिना मी बाईंकडं राहिले. मंडळीच्या बायका पाळीनं यायच्या. एकीनं लाडू आणले, एक रोज मालिश करायची, बारावीवाल्या मुलीची आईसुद्धा डबा घेऊन आली. ठरल्याप्रमाणं आत्या न्यायला आल्या. बारसं कळंबला झालं, आणि एका रविवारी पाळकांनी मुलीला हातात घेऊन आशीर्वादही दिला. आत्यांनी विचारलं होतं की यानं पोरीचा धर्म बदलतो का? पाळक म्हणाले की नाही, मूल सुखरूप आलं म्हणून देवाचे आभार. आत्या म्हणाल्या, मग काय, आभार मानाय कोण न्हाय म्हणतंय.

आता मुलगी अंगणवाडीत जाते. मे महिन्यात आम्ही दोघी बारामतीला आठ-दहा दिवस राहून येतो. ती बाईंना आजी म्हणते. मी अजून बाईच म्हणते, जिभेला दुसरं काही वळत नाही, आणि त्यांनीही कधी मागितलं नाही.

गेल्या वर्षी मी आणि नवऱ्यानं दत्तकासाठी नाव नोंदवलं. तान्हं नको, जरा मोठं मूल द्या, असं सांगितलं. चौकशीसाठी दत्तक संस्थेकडून एक ताई घरी येऊन गेल्या. त्यांनी घर बघितलं, प्रश्न विचारले, आणि आत्यांनी त्यांना शेरडं दाखवली. मूल कुठल्या जिल्ह्यातून येईल, मुलगा की मुलगी, काहीच माहीत नाही. आमच्या बालगृहातलंच असावं असंही नाही, ते आपल्या हातात नसतं. तिच्यासाठी म्हणा, त्याच्यासाठी म्हणा, मी एक कपाट रिकामं केलं आणि मग त्यात काय ठेवायचं ते न कळून पुन्हा बंद केलं. कुठंतरी एक मूल जोडपी येताना-जाताना बघत असेल, एवढा विचार आला की हातातलं काम तसंच टाकून मी शेडनेटमधून बाहेर येते आणि बांधावरून चालत राहते.

बाईंना माझ्यापेक्षाही धीर नाही. एक दिवसाआड त्यांचा फोन येतो. आधी मुलीची चौकशी करतात, मग मिरचीच्या भावाची, आणि शेवटी विचारतात, काही कळलं का? मी म्हणते, अजून नाही. त्या बरं म्हणतात, पण फोन ठेवत नाहीत.